कॅक्टस खालून तपकिरी पडतोय, कोणतं औषध मारू?

औषधाचं नाव विचारलंत, पण आत्ता कोणतंच मारू नका. तुम्ही लिहिलंय की उभा कॅक्टस आहे, खिडकीत असतो, बुडापासून वीतभर तपकिरी झालाय आणि शेजारी म्हणतात, "सडलाय, टाकून द्या." ही शेवटची ओळ वाचली आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

काटे चुकवून बुडाला अंगठा दाबून बघा, सगळ्या बाजूंनी. कडक, कोरडं, जुन्या आंब्याच्या खोडासारखं खरखरीत लागलं तर ते सडणं नव्हे. उभा कॅक्टस वयात आला की वरचं वजन पेलायला बुडाकडून लाकडी होत जातो. हा रंग सावकाश, खालून वर चढतो. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. अंगठा आत गेला, साल ओलसर सरकली, आंबूस वास आला, तर मात्र ती सड. मग त्याच दिवशी सुरी हातात घ्यायची.

आमच्याकडे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, गॅलरीत एक सेरिअस आहे, उभा वाढणारा कॅक्टस. आईने गडहिंग्लजहून दिलेल्या फांदीपासून वाढवलेला, कुंडीसकट माझ्या डोक्याच्या वर गेलेला. त्याचं बूड कधीचंच लाकडी झालं होतं. आमचे थोरले दीर आले की पहिलं बोट तिकडेच, "हे सडलंय, टाकून दे." मी टाकला नाही. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. देवपूजा झाली की देवांना अंघोळ घातलेलं तांब्याभर पाणी रोज त्याच कुंडीत. ते पाणी पायदळी जाऊ नये हे मलाही कळतं, पण देवघराच्या दाराजवळची कुंडी म्हणून तीच का? तेही आषाढात, कोल्हापूरच्या पावसात, जेव्हा दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नाहीत. कुंडीत होती आपली काळी माती. ती एकदा भिजली की आत दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं गुदमरतात. कुजलेल्या मुळांतून बुरशी खोडात शिरते.

श्रावणात एका बाजूला, अगदी मातीलगत, सालीवर ओल दिसली. साल वरून कडकच होती. दाबली तशी आत गेली आणि भेगेतून तपकिरी पाणी सुटलं. म्हणूनच वर सगळ्या बाजूंनी दाबा म्हटलं.

सुरी स्पिरिटने पुसून खोड आडवं कापलं. कॅक्टसच्या गाभ्याभोवती एक गोल कडं असतं, त्यातून पाणी वर चढतं. ते कडं नारिंगी-तपकिरी झालं होतं, बाकीचा गर मात्र हिरवागार आणि ताजा दिसत होता. इथेच माणसं फसतात. गर चांगला दिसला की थांबतात, आणि उरलेल्या डागातून सड पुन्हा वर चढते. मी वरची आणखी एक चकती काढली, सुरी पुन्हा पुसली, पुन्हा चकती. कडं स्वच्छ फिकट दिसेपर्यंत हेच. मग कापलेल्या तोंडाला गंधकाची पावडर लावली आणि कॅक्टस घरात, सावलीत, भिंतीला टेकवून उभा ठेवला. दिवसभर पंखा लावायचे, कारण त्या दमट हवेत जखम सुकत नाही. आडवा ठेवला तर शेंडा उजेडाकडे वळतो, खोड वाकडं होतं. कापावर कडक खपली धरल्यावरच कोरड्या मिश्रणात लावला आणि मुळं धरेपर्यंत पाणी बंद ठेवलं. आज तो पुन्हा माझ्या खांद्याला लागलाय.

दीर मात्र अजून प्रत्येक कार्यात चारचौघांत सांगतात की तो पश्चिमेच्या उन्हाने गेला होता, पाण्याचा काही संबंध नाही. उन्हाचा डाग मी पाहिलाय. तो ऊन लागतं त्याच बाजूला पडतो, आधी फिकट पिवळट-पांढरा होतो, मग गवती तपकिरी, कोरडा, आणि ऊन कमी केलं की तिथेच थांबतो. तो डाग जात नाही, पण झाड त्याने मरत नाही. आमच्या कॅक्टसचं मातीलगतचं बूड कठड्याच्या सावलीत होतं आणि सड आतून वर चढत होती. ऊन आतून वर चढत नाही.

तुमच्या कॅक्टसचं बूड कडक असेल तर फक्त माती बदला. नर्सरीतून येताना बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतो, ते काढा. निम्मी बारीक खडी किंवा विटांचे तुकडे, उरलेल्यात माती आणि थोडं कुजलेलं शेणखत. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू घेतली तर धुऊन घ्या, तिच्यातली भुकटी घट्ट बसते. पावसाळ्यात पाणी जवळपास बंद. उन्हाळ्यात कुंडी तळापर्यंत वाळली की भरपूर द्या. बुरशीनाशक सडलेला भाग परत हिरवा करत नाही, कोणी कितीही खात्रीने विकलं तरी.

तपकिरी रंग शेंड्याकडून, गंजासारखा बारीक ठिपक्यांचा असेल तर गोष्ट वेगळी. तो लाल कोळी, कोरड्या उन्हाळ्यात येतो. खाली पांढरा कागद धरून झटका, ठिपके चालताना दिसतील. पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, संध्याकाळी कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून मारा. साधं कीटकनाशक त्यावर बहुधा चालत नाही, कारण कोळी हा कीटक नव्हे.

आणि हे सगळं उभ्या, जुन्या कॅक्टसचं झालं. लाल-पिवळ्या डोक्याचा मून कॅक्टस असेल तर ते कलम असतं. त्याचा खालचा हिरवा खुंट मऊ पडला की वरचं डोकं नव्या खुंटावर बांधावं लागतं, त्याला स्वतःचं हरितद्रव्य जवळजवळ नसतं. ख्रिसमस कॅक्टस जंगलातल्या झाडांवर वाढणारा, त्याला इतकं कोरडं ठेवलं तर सुकेल. कापल्यावर पांढरा चीक वाहिला तर तो बहुतेक कॅक्टस नसून शेराच्या कुळातला निवडुंग आहे. कापायची रीत तीच, पण चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा.