निकालावर रुसू नकोस

प्रिय पोरी,

परवा गॅलरीत म्हणालीस, "मावशी, आता मतदान बंद. सगळं मॅनेज असतं." चहाही तसाच टाकून गेलीस. ज्याच्यासाठी दिवसभर केंद्रावर बसलीस तोच पडला, जीव तुटणारच. पण निकालावर रुसायचं नाही.

रुसून काय होतं ते मी भोगलंय. १९७७ साली पहिलं मत दिलं. काका आणीबाणीत तुरुंगात होते. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या तेव्हा वाटलं, आपल्या लोकांइतकं शहाणं कुणी नाही. १९८० ला त्याच लोकांनी त्यांना परत आणलं आणि मला ते मूर्ख वाटायला लागले. लोक तेच होते गं! पुढच्या दोन निवडणुकांत ड्युटीवर मी दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावत होते आणि माझी टपाली मतपत्रिका कपाटात कोरीच राहिली. तेव्हा त्याला मी तत्त्व म्हणायचे. काकांचे हाल पाहिले होते, थोडं तत्त्व होतंही. पण बाकी रुसवाच.

शंका घे, खुशाल घे. बाबासाहेब १९५२ साली याच मुंबईत लोकसभेला पडले, तेही त्यांच्या हातून घडलेल्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत. शंका होती म्हणून त्यांनी रीतसर याचिका केली. १९५४ ला भंडाऱ्यातून परत उभे राहिले. तिथेही पडले. त्यांना रुसायला कारणं कमी होती?

आणि तू तर पोलिंग एजंट, उमेदवाराच्या वतीने केंद्रावर लक्ष ठेवणारी! सकाळी मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीची मतं मोजून यंत्रातून पुसली, ते डोळ्यांनी पाहिलंस? सीलवर सही केलीस? संध्याकाळी केंद्राध्यक्षांकडून १७-सीची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत घेतलीस? यातलं काहीच केलं नसशील तर 'मॅनेज' हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस. हो, रागावलेय मी. वायव्य मुंबईची लोकसभा २०२४ ला ४८ मतांवर ठरली. आपल्या चाळीच्या एका मजल्यावर त्याहून जास्त मतदार आहेत, आणि तू घरी बसणार?

उद्या तुझा माणूस निवडून आला की विश्वास आपोआप परत येईल. तसा १९७७ ला माझाही आला होता. तीन वर्षं टिकला.

रविवारी ये. १७-सीची प्रत असेल तर आण. फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, केंद्रवार मतं असतात, तुझ्या केंद्राची बेरीज दोघी बसून ताडून बघू. जुळली नाही तर अर्जाचा मसुदा मी लिहून देते.

तुझी,
मावशी