ख्रिस्ती धर्मात आई-वडिलांचा मान राखणं खरंच धार्मिक कर्तव्य आहे का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक आई-वडिलांच्या पाया पडत नाहीत, येशूने तर आई-बापाचा द्वेष करायला सांगितलंय, मग या धर्मात त्यांना स्थान काय? मी वसईचा कॅथलिक. घरात जे शिकलो आणि जगलो, त्यातून सांगतो.

कर्तव्य आहे, आणि फार वरचं. बायबलमधल्या देवाने दिलेल्या दहा आज्ञांपैकी पहिल्या तीन देवाबद्दल आहेत. माणसांबद्दलच्या आज्ञा सुरू होतात त्या इथून : ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख.’ खून करू नको, चोरी करू नको, हे सगळं त्यानंतर. आम्ही कॅथलिक हिला चौथी आज्ञा म्हणतो. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांची मंडळी पाचवी म्हणतात, कारण त्यांची मोजणी वेगळी आहे. ‘मान राख’साठी मूळ हिब्रू शब्द आहे ‘कब्बेद’, आणि त्याचा धातू जडपणाचा, वजनाचा. आपण नाही का म्हणत, घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे? तेच.

द्वेषाचं वचन लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, 14व्या अध्यायात आहे. ती त्या भाषेतली तुलनेची रीत. दुसरा चरित्रकार मत्तय तीच गोष्ट उघड करून सांगतो : माझ्यापेक्षा आई-बापावर जो अधिक प्रेम करतो, तो मला योग्य नाही. देव पहिला, एवढाच अर्थ. ज्याने हे सांगितलं, त्यानेच क्रुसावर जीव जाताना आईला शिष्याच्या हाती सोपवलं. पाया पडण्याचं म्हणाल तर काही घरांत पडतात, काहींत नाही. आमच्याकडे रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की मुलं वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात. गोव्यात त्याला बेसांव म्हणतात.

पण ही आज्ञा लहान मुलांना धाकात ठेवण्यासाठी आहे असं लोक समजतात, ते मला पटत नाही. ती मुख्यतः मोठ्या झालेल्या लेकरांसाठी आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय जरूर वाचा. तिथे येशू शास्त्री-परुश्यांवर, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांवर, संतापलाय. कारण? माणूस आपल्या पैशाला ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून टाकायचा आणि मग आई-बापासाठी त्यातलं काही करायला मोकळीकच उरायची नाही. देवाचं नाव पुढे करून आई-बापाला उपाशी ठेवणं येशूला खपलं नाही.

हा अध्याय मला लागतो. एका वर्षी मी चर्चच्या बांधकामाला मोठी रक्कम दिली, देणगीदारांच्या फलकावर नाव आलं. त्याच वर्षी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ढकललं. ते जिना चढताना हाताने भिंत चाचपत चढायचे आणि मी रोज बघत होतो. पुढे मी पापनिवेदनात, धर्मगुरूपुढे, हे सांगितलं. अजूनही त्या फलकाकडे बघवत नाही.

वडील जुलमी असतील तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं. आमच्या कॅटेकिझमप्रमाणे, म्हणजे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथाप्रमाणे, आज्ञापालन मुलं स्वतंत्र झाली की संपतं, आदर मात्र कायम राहतो. आणि एखादी गोष्ट करणं वाईट आहे अशी मनोमन खात्री असेल तर लहान मुलानेही ती ऐकू नये. येशूचा प्रेषित पौलही बापांना बजावतो की मुलांना चीड येईल असं वागू नका. मार खात राहणं म्हणजे मान राखणं नव्हे. दूर राहूनही औषधपाण्याचा खर्च उचलता येतो.

सिराखच्या ग्रंथात, जो प्रोटेस्टंट बायबलमध्ये धरत नाहीत, तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घे. ख्रिस्ताच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचं हे लिखाण, पण लिहिणाऱ्याने माझ्या बाबांना पाहिलं असावं असंच वाटतं. त्यांना आता माझं नाव आठवत नाही. केळीची वाडी मोडून कित्येक वर्षं झाली, विहिरीवर मोटरही नाही. तरी रात्री दोन-दोन वाजता उठून बसतात आणि विचारतात, ‘मोटर बंद केली का रे?’ सुरुवातीला मी समजावत बसायचो की वाडी नाही, मोटर नाही. ते घाबरे व्हायचे, रडायचे. आता उठतो, मागचं दार उघडून बाहेर जाऊन येतो आणि सांगतो, ‘केली, बाबा. झोपा.’ मग ते पाय लांब करतात.