गोळी घेतली, डाग पडला, पण ती पाळी होती का?

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांची, घाटकोपरला राहते, अंधेरीला जॉब. 9 तारखेला रात्री कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी केमिस्टकडून इमर्जन्सी गोळी आणून घेतली. दोन दिवस मळमळ, डोकं जड. 16 ला ब्लीडिंग झालं, तीन दिवस थोडं थोडं, मला वाटलं चला, पाळी आली, सुटले. 20 ला किट आणून टेस्टपण केली, निगेटिव्ह. पण माझी खरी तारीख 24 होती आणि आज 29 झाली तरी काही नाही. मैत्रीण म्हणते ही गोळी दोनदा घेतली की पुढे मूल राहत नाही, आणि माझी ही दुसरी वेळ. झोप उडालीये. आईला तारखा पाठ असतात माझ्या.

उत्तर: तुला त्याच दिवशी मेसेज केला होता, इथे सविस्तर लिहितेय कारण याच अर्थाची पत्रं दर महिन्याला येतात.

आधी एक गोष्ट. 16 चं ब्लीडिंग म्हणजे पाळी नाही गं. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, 1.5 मिलिग्रॅम, एका झटक्यात, त्याने आतलं अस्तर थोडं हलतं आणि डाग पडतात, कुणाला दोन दिवस, कुणाला चार, कुणाला अजिबात नाही. डाग पडले म्हणजे गोळी लागू पडली असं नाही आणि नाही पडले म्हणजे वाया गेली असंही नाही. इथेच बहुतेक मुली फसतात, डागाला पाळी समजून निर्धास्त होतात.

गोळी काय करते तर अंडं बाहेर पडणं लांबवते. बस, एवढंच. पुरुषाचे शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, तोवर अंडंच आलं नाही तर गर्भ राहणार कसा? म्हणूनच जितकी लवकर घ्याल तितकी बरी, 72 तास ही शेवटची मुदत आहे, तोवर थांबायची परवानगी नाही. आणि अंडं आधीच बाहेर पडलेलं असेल तर गोळीच्या हातात फारसं काही राहत नाही. तुझी तारीख 24, म्हणजे 9-10 हे नेमके रिस्की दिवस, खोटा धीर देत नाही. पण तू 14-15 तासांत घेतलीस हे छान केलंस.

आता उशीर. अंडं पुढे ढकललं की पाळीपण पुढे ढकलली जाते, आठवडाभर मागेपुढे चालतं. 20 ला केलेली टेस्ट फार लवकर झाली, संबंधाला 11 दिवसच झाले होते, तेव्हा किटला काय दिसणार? तीन आठवडे होऊ द्यायचे, म्हणजे तुझ्या हिशोबाने 30 नंतर, सकाळच्या पहिल्या लघवीवर. दोन रेघा आल्या, किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखून चक्कर यायला लागली, तर लगेच डॉक्टर, त्यात थांबायचं नाही. (गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली असती तर परत घ्यावी लागली असती, तुझं ते झालं नाही.)

मैत्रिणीला सांग, या गोळीने वांझपण येत नाही. दोनदा घेऊनही नाही. नेहमीचा उपाय म्हणून मात्र ती कच्ची आहे, पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात परत संबंध आला तर ती त्याला कव्हर करत नाही, उलट लांबलेलं अंडं तेव्हाच यायचं!

केमिस्टकडे नाव नीट सांगा हां. आय-पिल किंवा अनवॉन्टेड 72 ही ती गोळी, प्रिस्क्रिप्शन लागत नाही. 'अनवॉन्टेड किट' म्हणजे गर्भपाताची औषधं, ती डॉक्टरांशिवाय घ्यायचीच नाहीत, नावं सारखी असल्यामुळे गर्दीच्या काउंटरवर कुजबुजत मागताना घोळ होतो. र. धों. कर्व्यांनी 1921 साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि आपण अजून पेपरमध्ये गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून नेतोय, असो.

ता.क. 31 ला तिची टेस्ट निगेटिव्ह आली, आणि 2 ला मेसेज: 'ताई आली! लेडीज डब्यात, पॅडपण नव्हतं, शेजारच्या काकूंनी दिलं.'

प्रश्न: बायकोला टीबीची औषधं चालू आहेत. कधी गडबड झाली तर ही गोळी चालेल का? (भांडुप)

उत्तर: दादा, बरं झालं विचारलंत. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, त्याने लिव्हर हे हार्मोन भराभर मोडून टाकतं, मग नेहमीचा डोस कमी पडू शकतो. फिटच्या काही औषधांचंही तसंच. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनाही हेच लागू. अशा वेळी पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय, त्यावर टीबीच्या औषधांचा परिणाम होत नाही आणि पुढची काही वर्षं काळजी मिटते. महापालिकेच्या प्रसूतिगृहात विचारा. एरवी कंडोम, आणि टीबीचा कोर्स संपल्यावरही महिनाभर तोच. जाताना औषधांची स्ट्रिप सोबत न्या, नावं तोंडपाठ सांगत बसू नका.