‘संगीत’ या शब्दात नाच येतो का, की फक्त गाणं-बजावणं?

मूळ अर्थाने येतो: गायन, वादन आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हणत. ही व्याख्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या १३व्या शतकातल्या ग्रंथात आहे. शार्ङ्गदेव देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता, म्हणजे ग्रंथ आपल्याच मुलखातला. त्याचे अध्याय सात. सहावा वाद्यांचा आणि सातवा अख्खा नर्तनाचा.

आजच्या बोलण्यात मात्र हा अर्थ धरू नका. ‘मुलगी संगीत शिकते’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर घुंगरू येत नाहीत, पेटी नाहीतर तंबोराच येतो. बाकी, शब्द कुठे लिहिलाय ते बघायचं:

- गाण्याच्या श्रेयनामावलीत ‘गीत, संगीत, गायन’ असेल तर संगीत म्हणजे चाल आणि वाद्यांची साथ. गाणारा त्यात धरलेलाच नाही.
- नाटकाच्या नावाआधी, उदा. ‘संगीत सौभद्र’ (१८८२), म्हणजे पदं असलेलं नाटक.
- लग्नाच्या कार्यक्रमात ‘मेहंदी, संगीत’ म्हणजे चक्क नाचाची संध्याकाळ. ही प्रथा उत्तरेकडची, पण गंमत अशी की शार्ङ्गदेवाच्या व्याख्येला तीच जास्त जवळची!