क्रोमोसोममध्ये इन्व्हर्जन निघालं तर पुरुषाला मूल व्हायला अडचण येते का?

येऊ शकते, पण दरवेळी नाही. इन्व्हर्जन म्हणजे क्रोमोसोमचा (गुणसूत्राचा) एक तुकडा तुटून, उलटा होऊन परत तिथेच चिकटलेला, माल सगळा जागेवर फक्त क्रम उलटा, त्यामुळे माणूस स्वतः सहसा ठणठणीत असतो आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत त्याला पत्ताही नसतो. खरा घोळ होतो शुक्राणू बनताना. मिओसिसमध्ये, म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या पेशीविभाजनात, आईकडचा आणि वडिलांकडचा क्रोमोसोम शेजारी येऊन जीनला जीन जुळवतात, आता एकावर जीनचा क्रम कखगघच आणि दुसऱ्यावर कघगखच असेल तर जुळणार कसं, मग वळसा घालून लूप करावा लागतो. त्या लूपच्या आत क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे दोघांत तुकड्यांची अदलाबदल, झालं की संपलं. उलटा तुकडा सेंट्रोमिअरसकट (पेशी विभागताना क्रोमोसोमला जिथे धरून ओढलं जातं ती जागा) असेल तर काही शुक्राणूंत एक टोक डबल आणि दुसरं गायब, नसेल तर दोन सेंट्रोमिअरवाला क्रोमोसोम बनतो आणि ओढाताणीत तुटतो. यातून गर्भपात होऊ शकतात. तुकडा मोठा तसा धोका जास्त, छोट्याचं बहुतेकदा लूपशिवायच निभावतं. कधी जुळणीच अर्धवट राहते, पेशी तिथेच अडकून मरतात आणि शुक्राणूंचा काउंट घसरतो. ९ नंबरच्या क्रोमोसोमवरचं सेंट्रोमिअरजवळचं इन्व्हर्जन मात्र खूप कॉमन आहे, सहसा नॉर्मल व्हेरिएंटच धरतात, त्यावरून झोप उडवून घेऊ नका.