पगार वाढतोय, संध्याकाळ जातेय

प्रश्न : मुलुंडला राहतो, भांडुपला नोकरी, पगार 40,000. लोअर परळहून 50,000ची ऑफर आली आहे. येण्या-जाण्याचा एक तास तिथे तीन तासांवर जाईल. आई-वडिलांबरोबरचं रात्रीचं जेवण आणि मित्रांचा कट्टा, दोन्ही सुटेल. काय करावं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी तासांचा हिशेब मांडा. रोजचे दोन तास जास्त, म्हणजे 25 दिवसांचे 50 तास. वाढीव पास आणि बाहेरचं खाणं यांचे 1,500 धरले तर हाती 8,500 उरतात. तासाला 170 रुपये. आज नऊ तास काम आणि एक तास प्रवास धरून तुम्हाला तासाला 160 पडतात. दर जवळजवळ तोच, तास मात्र जास्त द्यायचे.

तरी ही वाढ किरकोळ नाही. समाधानावर परिणाम होतो तो रकमेचा नव्हे, पटीचा : 40चे 50 झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढ्यासाठी लाखवाल्याला सव्वा लाख लागतात. ठरावीक उत्पन्नानंतर रोजचा आनंद वाढत नाही, हा मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा 2010चा निष्कर्ष अजून सांगितला जातो. 2023मध्ये खुद्द कानेमन यांनी मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासह तो पुन्हा तपासला, तेव्हा बहुतेकांचा आनंद पुढेही वाढताना दिसला. अडला तो फक्त सर्वांत दुःखी गटाचा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर नोकरी घ्या. देणेकऱ्याचे फोन चालू असताना कट्ट्यावरही मन लागत नाही.

देणं नसेल तर घाई नको. वाढलेल्या पगाराची सवय काही महिन्यांत होते, गर्दीची तेवढी सहज होत नाही. कानेमन यांच्या 2004च्या पाहणीत टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांनी दिवसातला सर्वांत नकोसा वेळ म्हणून कामावर जाण्याचा प्रवास सांगितला; माणसांत घालवलेला वेळ वरच्या क्रमांकांत होता. नवी मैत्री जोडणंही स्वस्त नाही : जेफ्री हॉल यांच्या 2018च्या अभ्यासानुसार जिवलग मैत्रीला सुमारे 200 तासांचा सहवास लागतो.

होकार देण्याआधी दोन दिवस ऐन गर्दीच्या वेळी दादरला गाडी बदलून लोअर परळला जाऊन या. मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागा. महिन्याला 24 तास वाचतात. ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, कारण तोंडी कबुली साहेब बदलला की संपते. त्या दोन संध्याकाळी आत्ताच कट्ट्याला आणि घरी सांगून ठेवा. आणि पहिले सहा महिने वाढीव पैशांवर नवा हप्ता काढू नका. नोकरी झेपली नाही तर परत फिरायची वाट त्या हप्त्यानेच बंद होते.