पैसे घेतले तर त्यांचा जीव विकल्यासारखं होईल का?

प्रश्न : मॅडम, मी भांडुपला राहते. माझे मिस्टर प्लंबर होते, स्वतःची कामं घ्यायचे. वय ३८. दोन महिन्यांपूर्वी रात्री काम आटपून ते आणि माझे धाकटे दीर स्कूटरवरून घरी येत होते. विक्रोळीजवळ ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागून भरधाव आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. मिस्टर जागच्या जागी गेले. दिरांचा पाय मोडला, पण ते शुद्धीवर होते. गाडी चालवणारा मुलगा खाली उतरला तेव्हा त्यांनी त्याला नीट पाहिलं, पोलिसांना तसा जबाबही दिलाय. मुलगा बावीस वर्षांचा, मोठ्या घरचा. आता त्यांच्याकडून एक मध्यस्थ सारखा घरी येतो. २० लाख देतो म्हणतो. मी ‘माझी काही तक्रार नाही’ असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि दिरांनी कोर्टात एवढंच म्हणायचं, की गाडी कोण चालवत होतं ते दिसलं नाही. मोठे दीर म्हणतात, घे. तो पोरगा तुरुंगात गेल्याने आपला माणूस परत येणार आहे का? उगाच त्याचंही आयुष्य बरबाद. सासूबाई म्हणतात, माझ्या लेकाच्या रक्ताचे पैसे या घरात नकोत. मुलगी सातवीत आहे, मुलगा तिसरीत. मिस्टर महिन्याला २४ हजारांच्या आसपास घरी आणायचे. आता भाडं थकलंय. मी काय करू? पैसे घेतले तर त्यांचा जीव विकल्यासारखं होईल का?

उत्तर : ताई, आधी एक हिशोब मांडते, कारण तो तुम्हाला अजून कोणी सांगितलेला दिसत नाही. अपघातात माणूस गेला की घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला ट्रिब्युनल म्हणतो तिथे, भरपाई मागता येते. ती गाडीच्या विमा कंपनीकडून येते. रक्कम कशी काढायची हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिलंय. २४ हजार उत्पन्न धरा. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा माणूस, म्हणून पुढे वाढली असती ती कमाई ४० टक्के जास्त धरायची : ३३,६००. तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई असे चार जण त्यांच्यावर अवलंबून, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा : २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. ३८ व्या वर्षासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. झाले ४५ लाख ३६ हजार. अंत्यविधी वगैरेची थोडी रक्कम आणि व्याज वेगळं. उत्पन्न सिद्ध झालं तर हा तुमचा हक्क आहे. मध्यस्थ त्याच्या निम्मेही देत नाही आणि वर दिरांना खोटं बोलायला सांगतोय.

सासूबाईंना सांगा, ट्रिब्युनलच्या पैशाला रक्ताचे पैसे म्हणू नका. तो त्यांच्या मुलाच्या मेहनतीचाच पैसा आहे, पुढच्या वर्षांत त्याने कमावून आणला असता तो. त्यातून नातीची फी भरली तर कोणाचा अपमान होत नाही.

पण जिवाच्या किमतीबद्दल तुम्ही जे विचारलंत त्यावर मला थोडं थांबायचं आहे. ट्रिब्युनलचं गणित माणसाचा जीव मोजत नाही, त्याच्या जाण्याने घरात येणारं काय थांबलं तेवढं मोजतं. त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या जागी लाखभर पगाराचा माणूस असता तर रक्कम कितीतरी पट झाली असती. मला हे कधी पचलेलं नाही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही कमाई धरा, हे तर २०२१ मध्येसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावून सांगावं लागलं. तरी भरपाईचा दुसरा व्यवहार्य मार्ग सध्या नाही, म्हणून तो आपण वापरायचा.

फौजदारी कोर्टात मात्र गेलेल्या माणसाचा पगार कोणी विचारत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याला कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने चालकाला हलगर्जीचं कलम लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ते सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले; शिक्षा अपुरी आहे, पण राज्य सरकारने वाढवून मागितलेली नाही, असंही म्हटलं. तिथे प्रश्न होता, अशी गाडी चालवली तर माणसं मरतील हे चालवणाऱ्याला कळत होतं का? रस्त्यावर झोपणाऱ्याचा जीव आणि बंगल्यात झोपणाऱ्याचा जीव एका मापाने मोजला जातो, अशी आपल्याकडे ही एवढीच जागा उरली आहे. तिथली साक्षही विकत मिळायला लागली तर हे मापही गेलं. आणि सही मागायला मध्यस्थ कोणाच्या घरी जातो? ज्याचं भाडं थकलंय त्याच्याच. म्हणून ताई, माझं स्पष्ट मत आहे : ट्रिब्युनलचे पैसे पै न् पै घ्या. सही करू नका, आणि दिरांना खोटं बोलू देऊ नका.

त्या प्रतिज्ञापत्राचा कायद्यात फारसा उपयोगही नाही. हलगर्जीने मृत्यू, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, आपसांत मिटवण्याच्या गुन्ह्यांत बसत नाही. खटला सरकार चालवतं, तुम्ही नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि समाजावर परिणाम करणारे गंभीर गुन्हे तडजोडीवर रद्द करू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगून ठेवलंय. २०१५ मध्ये पंजाबातल्या एका अपघाताच्या खटल्यात, दोन जण गेले होते, भरपाई दिली म्हणून उच्च न्यायालयाने चालकाला भोगलेल्या कैदेवर सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा वाढवून सहा महिने केली. मध्यस्थाला हे सगळं ठाऊक असतं. त्याला खरी हवी आहे ती तुमच्या दिरांची साक्ष.

सरकारी वकील असताना माझ्या एका खटल्यात असाच साक्षीदार फितूर झाला. मयताचा मामा. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याने गाडीवाल्याचा शर्टसुद्धा सांगितला होता. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘अंधार होता, काही दिसलं नाही.’ मी कोर्टाची परवानगी घेऊन माझ्याच साक्षीदाराची उलटतपासणी सुरू केली. घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की खांबावरचा दिवा चालू होता. ते वाचून दाखवलं, पंचांची सही दाखवली. तो अंधाराच्याच गोष्टी सांगत राहिला. आरोपी सुटला. मग ट्रिब्युनलमध्ये विमा कंपनीच्या वकिलाने त्याच साक्षीची प्रमाणित प्रत पुढे केली : तुमचाच माणूस शपथेवर सांगतो की काही पाहिलं नाही, मग चूक आमच्या गाडीची कशावरून? फौजदारी निकाल ट्रिब्युनलला बांधून ठेवत नाही, तरी मयताच्या आईचा दावा त्या एका कागदापायी रखडला. शिवाय शपथेवर खोटं बोलणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तो धोका दिरांनी का घ्यायचा?

मोठ्या दिरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. बावीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य हेही आयुष्यच आहे. कलम १०६ (१) खाली जास्तीत जास्त पाच वर्षं आहेत, किमान शिक्षा नाही. वय, पहिलाच गुन्हा, अपघातानंतर तो कसा वागला, हे सगळं न्यायाधीश बघतात. उद्या तो किंवा त्याची आई मध्यस्थाशिवाय, अट न घालता तुमच्या दारात आली आणि तुमच्या मनातून त्याला माफ करावंसं वाटलं, तर शिक्षेच्या वेळी कोर्टाला तसं सांगा. दया मागण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो मोठा आहे. पण तो मुलगा गाडी चालवतच नव्हता असं म्हणणं ही दया नव्हे. उलट, आपल्या हातून माणूस गेला हे मान्य करण्याची वेळच त्याच्यावर कधी येणार नाही. शिक्षेचा त्यातल्या त्यात काही उपयोग असेल तर तो तिथेच असतो, असं मला वाटतं.

आता कामाचं. ट्रिब्युनलच्या दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तुमचे दोन गेले. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मिस्टरांकडे पगाराची स्लिप नसणारच, म्हणून बँकेचं पासबुक, फोनवर आलेले पैसे, बिलबुक आणि ज्यांच्याकडे नेहमी काम होतं अशा सोसायट्यांची पत्रं गोळा करा. मध्यस्थ पुन्हा आला तर दारातूनच परत पाठवा. धमकावलं तर तारीख, वेळ लिहून तपास अधिकाऱ्याला लेखी द्या. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, त्याखालीही अर्ज करता येतो.

आणि दिरांना सांगा, समन्स आलं की साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटून स्वतःचा जबाब वाचायला मागायचा. पिंजऱ्यात जे पाहिलं तेवढंच सांगायचं. आठवत नसेल ते आठवत नाही म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही.